बावन्न आठवड्यांचं ‘इनपुट’

हुतात्मा चौकाजवळच्या फुटपाथवर, जुन्या पुस्तकांच्या ढिगात, मला ‘इनपुट’चे, म्हणजे घरगुती संगणकावर प्रोग्रॅम लिहायला शिकवणाऱ्या एका जुन्या साप्ताहिकाचे, तीन सुटे अंक मिळाले. एका अंकात डेटाच्या ओळीच ओळी आहेत, नुसते आकडे. प्रत्येक ओळीपुढे कुणीतरी पेन्सिलीने बारीक खूण केली आहे: ओळ टाइप झाली की खूण. एका आकड्याखाली मात्र दोनदा रेघ ओढलेली आहे. तिथेच घोडं अडलं असणार.

ब्रिटनमधल्या मार्शल कॅव्हेंडिश प्रकाशनाने १९८४ मध्ये हे साप्ताहिक काढलं. स्वयंपाक, बागकाम असे विषय हप्त्याहप्त्याने छापण्यात ही मंडळी मुरलेली होती. दर आठवड्याला एक भाग घ्यायचा, सगळे जमले की ग्रंथ तयार. ‘इनपुट’चे ५२ भाग निघाले आणि १९८५ मध्ये ते थांबलं. इतक्या लवकर संपलं म्हणून कुणी त्याला फसलेलं मासिक समजू नये. तो अभ्यासक्रम होता, तो पुरा झाला.

त्याची गरज का पडली, हे त्या काळच्या घरगुती संगणकांकडे पाहिलं की कळतं. बीबीसी मायक्रो १९८१ च्या अखेरीस आला. एप्रिल १९८२ मध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम आला, १६ केबी मेमरीचा, १२५ पौंडांना. पडदा म्हणजे घरातला टीव्ही, साठवण म्हणजे कॅसेट. बटण दाबलं की समोर थेट बेसिक, म्हणजे नवशिक्यांसाठीची प्रोग्रॅमिंगची भाषा. पण प्रत्येक कंपनीचं बेसिक वेगळं! म्हणून ‘इनपुट’ एकच प्रोग्रॅम स्पेक्ट्रम, कमोडोर ६४, बीबीसी, ड्रॅगन यांच्यासाठी वेगवेगळा छापायचं, शेजारी त्या त्या यंत्राचं छोटं चिन्ह. वाचकाला स्वतःचा भाग सोडून बाकीचा मजकूर वाया गेल्यासारखा वाटत असेल. मला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो. एकच गोष्ट मालवणीत, अहिराणीत आणि वऱ्हाडीत ऐकावी, आणि गोष्ट कुठली नि बोली कुठली हे आपोआप उमगावं, तसं ते आहे.

पुढच्या भागांत ‘क्लिफहँगर’ नावाचा खेळ मशीन कोडमध्ये, म्हणजे थेट यंत्राच्या आकड्यांच्या भाषेत, क्रमशः रचला गेला. बेसिकमध्ये चुकलं तर यंत्र निदान ओळीचा नंबर सांगतं. मशीन कोडमध्ये एक आकडा चुकला तरी यंत्र मुकाट गोठतं, आणि आधी कॅसेटवर उतरवून ठेवलं नसेल तर सगळी मेहनत पाण्यात. पेन्सिलीच्या खुणा त्या धास्तीपोटी.

इकडे अंक निघत होते आणि तिकडे यंत्रंच मिटत होती. ड्रॅगन डेटा १९८४ मध्येच बुडाली. बीबीसी मायक्रो बनवणारी एकॉर्न १९८५ मध्ये ऑलिव्हेट्टीच्या आधाराने उभी राहिली. स्पेक्ट्रम बनवणाऱ्या सिंक्लेअरचा संगणक व्यवसाय एप्रिल १९८६ मध्ये ॲमस्ट्रॅडने घेतला. पीसीचा जम बसत गेला तशी एकाच प्रोग्रॅमच्या चार बोली छापायची गरजही सरली.

आपल्याकडे मात्र तेव्हा सुरुवात होत होती. १९८४-८५ मध्ये शाळांत संगणक नेणाऱ्या ‘क्लास’ या सरकारी प्रकल्पातून देशातल्या सुमारे २५० शाळांत बीबीसी मायक्रो पोहोचले. त्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीने स्पेक्ट्रम प्लसचा भारतीय अवतार, डीबी स्पेक्ट्रम, विकायला काढला. ‘इनपुट’मधले स्पेक्ट्रमचे प्रोग्रॅम त्याच्यावर चालण्यासारखे होते. माझ्या अंकातल्या खुणाही फक्त स्पेक्ट्रमच्या ओळींपुढे आहेत. कमोडोरचा भाग अगदी कोरा आहे.