हात कशाने धुता?

नवी मुंबईतल्या रबाळे एमआयडीसीत शिफ्ट सुटायच्या वेळी एखाद्या गाळ्याच्या दारात हे दृश्य दिसतं. स्क्रीन प्रिंटिंगचा कामगार पत्र्याच्या डब्यात चिंधी बुडवतो आणि मनगटापर्यंत हात खसाखसा पुसतो. शाई निघते, कातडी पांढरी पडते. डब्यात थिनर असतं, ते संपलं असेल तर पेट्रोल.

मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. आमच्याकडे येणाऱ्या केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात बहुतेक वेळा एकच शब्द असतो: 'नोकरी'. त्या शब्दामागे पेट्रोल पंप असतो, गॅरेज असतं, रंगाचं काम असतं, चपलांना सोल्यूशन लावणं असतं. रक्ताच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे.

कारण बेन्झिन नावाचं रसायन. पेट्रोलमध्ये ते असतंच. आपल्याकडे त्याची मर्यादा 1 टक्का आहे. थिनरमध्ये मुख्यतः टोल्युइन आणि झायलिन ही द्रावकं असतात, पण सुट्या, स्वस्त मालात बेन्झिनचा अंश असू शकतो. सिगारेटच्या धुरातही ते असतं.

शरीरात ते श्वासावाटे जातं, थोडं कातडीतूनही. यकृत त्याला बाहेर टाकण्यासाठी तोडायला घेतं आणि त्यातून फिनॉल, हायड्रोक्विनोन असे पदार्थ तयार होतात. ते रक्ताबरोबर हाडांच्या आतल्या मज्जेत पोचतात. मज्जेतल्या पेशींकडे जंतू मारण्यासाठी मायलोपेरॉक्सिडेज नावाचं विकर असतं. तेच विकर हायड्रोक्विनोनपासून बेन्झोक्विनोन बनवतं, आणि ते गुणसूत्रांची मोडतोड करतं. ही मोडतोड होते ती रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशींच्या शेजारीच. संरक्षणासाठी असलेलं हत्यार असं घरातच चालतं, हे मला दरवेळी अस्वस्थ करतं.

आधी पांढऱ्या पेशी, प्लेटलेट किंवा हिमोग्लोबिन घटतं. काहींना पुढे, अनेकदा काही वर्षांनी, अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग होतो. हे इस्तंबूलमध्ये ठळकपणे दिसलं. डॉ. मुझफ्फर अक्सॉय यांनी 1974 मध्ये तिथल्या चांभारकाम करणाऱ्या 26 रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. सगळे कोंदट खोल्यांमध्ये बेन्झिनयुक्त सोल्यूशन वापरणारे, ल्युकेमिया झालेले किंवा त्याच्या उंबरठ्यावर असलेले. पुढे सोल्यूशनमधलं बेन्झिन बंद झालं, तसे असे रुग्णही कमी झाले.

"वास तर येत नाही," असं कामगार सांगतात. त्यावर विसंबता येत नाही. अमेरिकेत 1987 पासून कामाच्या जागी हवेतल्या बेन्झिनची मर्यादा दहा लाख भागांत 1 भाग आहे. नाकाला वास कळतो तो साधारणपणे त्याहून जास्त प्रमाण झाल्यावर. शिवाय रोजच्या वासाला नाक सरावतं ते वेगळंच.

घाबरवण्याचा हेतू नाही. ल्युकेमियाच्या बहुतेक रुग्णांत नेमकं कारण सापडत नाही, आणि थिनर हाताळणाऱ्या प्रत्येकाला कर्करोग होत नाही. पण वर्षानुवर्षं असं काम करणाऱ्याने दरवर्षी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीची तपासणी, करून जुने रिपोर्ट जपून ठेवावेत. एकटा आकडा फारसं बोलत नाही, सलग चार वर्षं उतरत गेलेला आकडा बोलतो. सतत थकवा, पुन्हा पुन्हा ताप, हिरड्यांतून रक्त, मार न लागता उठलेले निळे डाग, यांपैकी काही दिसलं तर वर्षाची वाट पाहायची नाही. डॉक्टरांना स्वतःहून सांगायचं, "मी थिनरमध्ये काम करतो."

बेन्झिनची विषबाधा 1948 च्या कारखाने अधिनियमात सरकारला कळवायच्या आजारांच्या यादीत आली. पण कळवणार कोण, जर केसपेपरवर फक्त 'नोकरी' असेल? म्हणून आता रक्त घेताना मी दोन प्रश्न जास्त विचारते: नेमकं काम काय, आणि हात कशाने धुता?

थिनर म्हणाले, तर सांगते: शाईवर आधी गोडंतेल चोळा, मग साबण. पाच मिनिटं जास्त लागतात.