पंख्याला, मिक्सरला तेल घालण्याआधी

दर थंडीत आमच्याकडे दुरुस्तीला जाम झालेले टेबल फॅन येतात. उघडून पाहावं तर आत खोबरेल! 24 अंशांच्या खाली खोबरेल गोठतं आणि शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, बुशातच (तो ज्यात फिरतो त्या धातूच्या नळीतच) अडकतो. गोडेतेल त्याहून वाईट. ते उष्णतेने चिकट होतं, त्यावर धूळ बसते आणि काळं किटण तयार होतं. ते खरवडायचे पैसे तेलाच्या बाटलीपेक्षा जास्त होतात.

तेल की ग्रीस, हे मोटरीत बुश आहे की बॉल बेअरिंग (आत गोळ्या असलेली कडी) यावर ठरतं. टेबल फॅनमध्ये बहुधा धातूची पूड दाबून बनवलेला सच्छिद्र बुश असतो. तो तेल स्पंजासारखं धरून ठेवतो. ग्रीस भरलं की ती छिद्रं बुजतात. इथे व्हीजी 68 (हा तेलाच्या दाटपणाचा क्रमांक) टर्बाइन तेल, दोन्ही टोकांना दोन-तीन थेंब. जास्त ओतलंत तर वायंडिंगवर, म्हणजे तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यांवर, उतरेल. शिलाई मशीनचं तेल तात्पुरतं चालतं, पण पातळ असल्याने लवकर संपतं. गाडीचं इंजिन तेल नको: त्यातली द्रव्यं मळ तरंगत ठेवतात, तो गाळायला इंजिनात फिल्टर असतो, पंख्यात नसतो. गंज सोडवायचा स्प्रे अडकलेला शाफ्ट मोकळा करतो खरा, पण उरलंसुरलं तेलही धुऊन नेतो. त्यानंतर तेल घालावंच लागतं.

छताच्या पंख्यात बॉल बेअरिंग असतात, ग्रीस भरून झाकलेले. वरून तेल सोडू नका, आतलं ग्रीस पातळ होऊन गळतं. घरघर येत असेल तर बेअरिंग बदलायचे, दोन्ही एकदम. आणि पंखा हाताने ढकलल्यावरच सुरू होतो का? स्विच बंद करून पाती फिरवून बघा. सहज फिरली तर दोष बहुधा कपॅसिटरचा (मोटर सुरू व्हायला मदत करणाऱ्या विजेच्या भागाचा), तेलाचा नव्हे.

मिक्सरच्या मोटरीला घरी तेल देऊच नका. कार्बन ब्रशला (फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या कार्बनच्या तुकड्याला) तेल लागलं की ठिणग्या उडतात. भांड्याखालून काळं पाणी झिरपत असेल तर बुश आणि सील झिजलेत. तिथे मशीनचं तेल घातलंत तर ते चटणीत येईल! फ्रिजचा कॉम्प्रेसर सीलबंद असतो, त्यात घालायचं काही नाही.

मिक्सर दुरुस्तीला आणाल तेव्हा भांडंही सोबत आणा. पुष्कळदा आवाज मोटरीत नसतो, भांड्यात असतो.