व्हायरल होऊन गेलं, आता धावायचं कधी?

पावसाळा सरत आला की आमच्या दुकानात एक संवाद ठरलेला. गिऱ्हाईक येतं, चेहरा उतरलेला, पँट कमरेत सैल. "दादा, बूट बदलायचेत. पाय जड पडतायत, पूर्वीची पेस येतच नाही." आम्ही जुना जोड उलटा करून बघतो. तळ धड, टाचेखालचा फोम अजून उसळी देतोय. "मध्ये आजारी होतात का?" "हो, व्हायरल झालं होतं. आता काही नाही, मंगळवारीच ताप गेला." आणि त्या दिवशी असतो शनिवार.

बूट विकणं हा आमचा धंदा आहे. तरी अशा वेळी नवा जोड आम्ही खोक्यात परत ठेवतो. पाय जड पडतात ते बुटामुळे नाही. हे पत्रक त्यासाठीच छापलंय. आम्ही डॉक्टर नाही. औषध आणि तपासण्या त्यांनीच सांगायच्या. पण रविवारी पहाटे नाशिकच्या गंगापूर रोडला ग्रुपबरोबर धावताना, तापातून उठून घाई करणारे आम्ही बरेच पाहिलेत. त्यातला एक आमच्याच काउंटरमागे बसतो.

त्याचीच गोष्ट आधी. ताप जाऊन चार दिवस झाले होते. पहाटे उठला, हवा गार, अंग हलकं वाटलं. सोमेश्वरपर्यंत जाऊन यायचं म्हणून निघाला आणि जाताना मस्त धावला. स्वतःच सांगतो, "इतकं छान कधी वाटलं नव्हतं." परतीला चढ नव्हता, ऊन नव्हतं, पण पाय उचलेनात. एका चहाच्या टपरीच्या बाकावर अर्धा तास बसून राहिला आणि शेवटी रिक्षाने घरी आला. खरी गंमत दुसऱ्या दिवशीची: अंगात पुन्हा कणकण, जिना चढताना धाप, आणि पुढचे बारा-तेरा दिवस वाया. त्या धावण्याच्या दिवशी शरीराने काहीच तक्रार केली नव्हती. तक्रार आली ती दुसऱ्या दिवशी सकाळी.

आम्ही गिऱ्हाइकांना जे सांगतो ते एवढ्यावरच उभं आहे. आज किती छान वाटलं यावर उद्याचं धावणं ठरवू नका. उद्या सकाळी काय वाटतं, त्यावर परवाचं ठरवा.

असं का होतं?

अंथरुणात नुसतं पडून राहिल्यानेही शरीर फार झपाट्याने उतरतं. १९६६ साली अमेरिकेत डॅलसला पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवण्याचा प्रयोग झाला होता. श्रम करताना शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं, ती त्यांची क्षमता तीन आठवड्यांत चौथ्या हिश्शाहून जास्त घटली. आणि ते आजारी नव्हते. त्यांना ना ताप, ना भूक मेलेली, ना रात्रभर खोकला. प्रयोगातली चांगली बातमी अशी की नंतरच्या व्यायामाने ते पूर्ववत झाले, उलट आधीपेक्षा वरच गेले. तेव्हा गेलेलं परत येतं, पण त्याला आठवडे लागतात.

आडवं पडून राहिलं की काही दिवसांतच रक्तातला पाण्याचा भाग कमी होतो. एका ठोक्यात हृदय कमी रक्त ढकलतं, म्हणून ठोके वाढवून ते भरून काढतं. त्यातच ताप असेल तर दर एक अंश सेल्सिअसमागे मिनिटाला साधारण दहा ठोके आणखी वाढतात. ताप अंगात असताना तुम्ही पलंगावर पडलेले असता, हृदय मात्र तेव्हाही धावतच असतं. त्याच्यावर आणखी पाच किलोमीटर लादू नका.

सकाळची तपासणी

यंत्र लागत नाही. डोळे उघडले की उठायच्या आधी, मोबाइल हातात घ्यायच्याही आधी, मनगटावर तीन बोटं ठेवून अर्धा मिनिट नाडी मोजा आणि दुप्पट करा. आजारपणाआधी तुमचा आकडा काय होता ते माहीत असेल तर उत्तम. (नसेल, तर बरे झाल्यावर एक महिना रोज लिहून ठेवा, पुढच्या खेपेला कामी येईल.) नेहमी ५८ असणारी नाडी आज ७० असेल तर आज धावणं नाही. मग उठून उभं राहा आणि पुन्हा मोजा. थोडी वाढणारच. पण उभं राहिल्यावर नाडी ३० किंवा त्याहून जास्त वाढून तशीच राहत असेल आणि डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर धावण्याचा विषय बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

घड्याळ कधी काय दाखवतं आणि कधी काय, त्याच्यावर आमचा फार भरवसा नाही. त्यापेक्षा तीन प्रश्न बरे. झोप लागली का? चहा पिऊन झाल्यावर भूक लागली का? घंटागाडी आल्यावर कचऱ्याची बादली घेऊन खाली गेलात, तर जिना परत चढताना दम लागला का? या तिघांचं उत्तर ठीक असेल तरच पुढे.

कोणता आजार होता, त्यावरही आहे

नुसतं नाक वाहत होतं, घसा खवखवत होता, ताप नव्हता: दोन-तीन दिवसांनी चालायला हरकत नाही. ताप, अंगदुखी, छातीत कफ किंवा जुलाब-उलट्या झाल्या असतील, तर सगळी लक्षणं जाऊन किमान सात दिवस धावणं नाही. हे सात दिवस पॅरासिटामॉल न घेता ताप नसल्याच्या दिवसापासून मोजायचे. गोळी घेऊन उतरलेला ताप म्हणजे गेलेला ताप नव्हे.

डेंग्यूचं गणित उलटं आहे, म्हणून जरा जास्त लिहितो. डेंग्यूत ताप उतरला की लोक सुटलो म्हणतात. पण ताप उतरतानाचे एक-दोन दिवसच जास्त धोक्याचे असतात. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं, प्लेटलेट घसरतात. प्लेटलेट दीड लाखाच्या वर येऊन रिपोर्ट चांगला आला, तरी अशक्तपणा पुढे काही आठवडे रेंगाळतो. रिपोर्ट हातात घेऊन थेट मैदानावर येणारे आम्ही पाहिलेत. रिपोर्टात प्लेटलेट मोजतात, मांड्यांमधली ताकद नाही.

चिकुनगुनियात ताप लवकर जातो, सांधे मात्र सोडत नाहीत. घोटे, पावलांचे छोटे सांधे, मनगटं सकाळी आखडतात, कधीकधी महिनोन्महिने. अशा सांध्यांवर रस्त्याचे धक्के नकोत. पोहता येत असेल तर पोहा, नाहीतर सायकल. सकाळी बाथरूमपर्यंत लंगडत जावं लागतंय तोवर बूट कपाटातच राहू द्या.

कोविड झाला असेल आणि थोड्याशा श्रमाने एक-दोन दिवसांनी गळाठून जायला होत असेल, तर "रेटून धावलो की बरं वाटेल" हा हिशोब तिथे चालत नाही, उलट बिघडतो. त्यासाठी डॉक्टरच गाठा.

सुरुवात गोल्फ क्लबवर

सुरुवातीला गंगापूर रोड नको, गोदापार्कचा लांब पट्टाही नको. सरळ रस्त्यावर जितकं जाल तितकंच परत यावं लागतं. दमलात ते कळतं नेमकं निम्म्यावर. गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर फेऱ्या असतात. कुठेही थांबलात तरी तुमची स्कूटर फार लांब नसते. म्हणून तिथे.

पहिला आठवडा नुसतं चालणं. पंधरा मिनिटं, मग वीस, मग तीस. शेजारून तुमचाच ग्रुप धावत जाईल, टाळ्या वाजवेल, "चला ना!" म्हणेल. हात हलवा आणि चालत राहा.

दुसऱ्या आठवड्यात एक मिनिट हळू धावणं आणि दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा, एक दिवसाआड. म्हणजे चोवीस मिनिटांत धावणं जेमतेम आठ मिनिटं. आठवड्याला चाळीस किलोमीटर करणाऱ्याला हा अपमान वाटतो, आम्हाला माहीत आहे. तरी तेवढंच. तिसऱ्या आठवड्यात तीन मिनिटं धावणं, एक मिनिट चालणं, सहा वेळा. चौथ्यात वीस मिनिटं सलग, तेही सावकाश.

सावकाश म्हणजे किती? धावता धावता तेराचा पाढा मोठ्याने म्हणा. तेरा साते एक्क्याण्णवला दम तुटला, तर तुम्ही जास्त वेगात आहात. (पाढाच येत नसेल तर शेजाऱ्याशी गप्पा मारा, चालतील.) ज्यांना आकडा हवा त्यांच्यासाठी स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांची श्रम मोजायची पट्टी आहे. ती ६ पासून सुरू होऊन २० ला संपते, कारण त्या आकड्याला दहाने गुणलं की निरोगी तरुणाच्या नाडीचा साधारण अंदाज येतो. पहिला महिना ११ च्या वर जाऊ नका. ११ म्हणजे "हलकं".

प्रत्येक पायरीनंतर तीच सकाळची तपासणी. बिघडली तर दोन दिवस आराम, आणि मग एक पायरी खाली. आधी मिनिटं वाढवा, मग दिवस, वेग त्यानंतर. पांडवलेणीच्या पायऱ्या आणि चामरलेणीचा चढ सगळ्यात शेवटी. हिवाळ्यातल्या मॅरेथॉनचं नाव नोंदवून झालंय आणि ऑक्टोबरात आजारी पडलात, तर एकवीस किलोमीटरचं दहा करून घ्या. पैसे गेले तर गेले.

गोळ्यांबद्दल दोन शब्द

अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. डॉक्टरांनी दुसऱ्या कारणासाठी दिली असेल तर ती पूर्ण घ्यायची, पण नाव बघून ठेवा. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातल्या गोळ्यांनी टाचेमागची शीर दुखावू शकते, क्वचित तुटतेही, आणि तो धोका गोळी संपल्यावरही काही काळ राहतो. "मी धावतो" हे डॉक्टरांना सांगा, ते विचारतीलच असं नाही. गोळी चालू असताना टाचेमागे दुखू लागलं, तर धावणं थांबवून त्यांना लगेच कळवा. धावता यावं म्हणून दुखण्यावरची गोळी घेणं तर नकोच. डेंग्यूची शंका असताना आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन अजिबात नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

इथे थांबायचंच

काही विषाणूंमुळे हृदयाच्या स्नायूला सूज येते. प्रकार विरळा आहे, पण फ्लू, कोविड, डेंग्यू यांपैकी कशानेही होऊ शकतो, आणि त्या सुजेवर धावलं तर हृदयाचे ठोके जीवघेणे बिघडू शकतात. म्हणून छातीत दुखणं किंवा दाब, ठोका चुकल्यासारखं किंवा धडधड, धावताना भोवळ, बसल्याजागी धाप, दोन्ही पायांवर सूज, यातलं एकही असेल तर "अ‍ॅसिडिटी असेल" म्हणू नका. धावणं बंद, त्याच दिवशी डॉक्टर. ते ईसीजी, रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन) आणि लागलं तर इको (हृदयाची सोनोग्राफी) करतील. सूज निघालीच तर तीन ते सहा महिने धावणं बंद असतं. तो निर्णय हृदयरोगतज्ज्ञांचा. मैदानावर कुणी कोसळलं तर १०८ ला फोन, गाडी काढायच्या आधी.

आणि बूट

महिनाभर पलंगाखाली पडलेला जोड पावसाळ्यात ओलावा धरतो. आतला सोल काढा, वर्तमानपत्राचे बोळे भरा, सावलीत पंख्याखाली वाळवा. उन्हात ठेवलात तर गोंद सुटतो. आजारातून उठल्यावर पावलांवर सूज असेल, तर लेस वरच्या दोन भोकांतून काढून सैल बांधा; त्यासाठी मोठा नंबर घेऊ नका, सूज उतरली की तोच बूट टाचेत घासेल. घ्यायचाच असेल तर चौथ्या आठवड्यानंतर, संध्याकाळी या. संध्याकाळी पाऊल थोडं पसरलेलं असतं, माप खरं मिळतं.

आमच्याकडून नुकताच जोड घेतला आणि लगेच आजारी पडलात, तर काळजी नको. साइझ बदलून द्यायची आमची तीस दिवसांची मुदत तुम्ही पुन्हा चालायला लागल्यापासून मोजू. बिल आणि खोकं तेवढं जपून ठेवा. रविवारच्या ग्रुपमध्ये चालणाऱ्यांची वेगळी तुकडी असते. आल्याबरोबर "ताप येऊन गेलाय" एवढं सांगा, तुमच्याबरोबर कुणीतरी शेवटपर्यंत चालेल. धावून आल्यावरच्या मिसळीला चालणाऱ्यांनाही बोलावणं आहे. पोट सावरलं नसेल तर तर्री वेगळी मागून घ्या.