मेंदूरचनेतील पीएच.डी. (ग्रामीण विदर्भ)

वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात मेंदू, मज्जारज्जू आणि चेतापेशी यांच्या रचनेवर संशोधन करून मिळणारी आचार्य पदवी. अमेरिकेतल्या काही वैद्यकीय विद्यापीठांत ‘चेताजीवशास्त्र व शरीररचना’ असा जोडनावाचा वेगळा विभागच असतो. आपल्याकडे तो सहसा नसतो. मेंदूची रचना शरीररचनाशास्त्राकडे, त्याचे काम शरीरक्रियाशास्त्राकडे, त्यावरची औषधे औषधशास्त्राकडे, अशी वाटणी ठरून गेली आहे. त्यामुळे दारावर पाटी ‘अ‍ॅनाटॉमी’ची आणि आत प्रबंध चेतापेशींवर, हे इथे नवल नाही.

ग्रामीण विदर्भात अशा संशोधनाला जागा मिळाली ती मुख्यतः वर्धा परिसरात. शहराच्या एका बाजूला सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था, जी डॉ. सुशीला नायर यांनी गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये सुरू केली. दुसऱ्या बाजूला सावंगी (मेघे) येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय, स्थापना १९९०. प्रवेश एम.डी. किंवा एम.एस्सी. (मेडिकल अ‍ॅनाटॉमी) झालेल्यांना. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे मुदत किमान तीन आणि कमाल सहा वर्षे. आधी कोर्सवर्क, मग सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा), एथिक्स समिती, आणि शेवटी बाहेरच्या परीक्षकांसमोर व्हायवा. एम.डी. झालेला उमेदवार बहुधा शिकवण्याची नोकरी सांभाळून हे करतो, म्हणजे सकाळी डिसेक्शन (देहविच्छेदन) हॉलमध्ये पहिल्या वर्षाची पोरे आणि दुपारनंतर स्वतःचा प्रबंध. एम.एस्सी. झालेल्यांची काळजी वेगळी असते. शरीररचनाशास्त्रात बिगर-एमबीबीएस शिक्षकांची मर्यादा पूर्वी ३० टक्के होती. पुढे ती १५ वर आली आणि त्यावरून मोठा वाद झाला.

पण या पदवीची खरी अडचण कागदपत्रांत नसून मेंदू मिळण्यात आहे. १९४९ च्या मुंबई शरीररचनाशास्त्र अधिनियमाने बेवारस देह महाविद्यालयांना देण्याची सोय केली. हल्ली भर देहदानावर आहे. अपघात, विषबाधा, आत्महत्या अशा मृत्यूंत पोलिसांच्या सांगण्यावरून शवविच्छेदन होते आणि असे देह सहसा देहदानात घेत नाहीत. तरुण, निरोगी मेंदू हॉलपर्यंत क्वचितच पोचतो, याचे हे एक कारण. येतात ते बहुतेक वृद्धांचे देह. तेव्हा ‘सामान्य’ मोजमापे मांडणाऱ्या प्रबंधात वयाचा रकाना आधी पाहावा.

मेंदू हा शरीरातला फार लवकर बिघडणारा अवयव. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा खेड्यातून देह आणण्यात गेलेला प्रत्येक तास आत जाणवतो. बाहेरून देह उत्तम दिसतो, कवटी उघडली की मेंदू दह्यासारखा हाताला येतो. देह आला की मांडीच्या किंवा मानेच्या धमनीतून फॉर्मॅलिन (देह टिकवणारे द्रव्य) भरतात. तरी ते मेंदूत नीट पोचतेच असे नाही, म्हणून संशोधनासाठी मेंदू वेगळा काढून मुरवणे बरे. करवतीने कवटीची टोपी काढायची, ड्युरा (मेंदूवरचे जाड आवरण) कापायची, मेंदू मागे सारत कवटीच्या तळाच्या नसा एकेक करून तोडायच्या, शेवटी मज्जारज्जू कापून मेंदू तळहातावर झेलायचा. मग तळाच्या बॅसिलर धमनीखालून दोरा ओवून तो फॉर्मॅलिनच्या बादलीत उलटा टांगतात. बुडाशी टेकवला तर मऊ मेंदू त्या बाजूने चपटा होतो आणि पुढची सगळी मोजमापे वाया जातात. दोन-तीन आठवड्यांनी तो घट्ट होतो. दोऱ्याची ही युक्ती पुस्तकात एका ओळीत असते. नव्या विद्यार्थ्याला ती हातात बसते ती हॉलमधल्या मामांमुळे (तिथल्या मदतनीसांमुळे), आणि प्रबंधाच्या ऋणनिर्देशात त्यांना जागा मिळतेच असे नाही.

पुढचे तंत्र फार महागडे नाही. मेंदूच्या तळाशी असलेल्या विलिसच्या धमनीचक्राचे प्रकार नोंदवायला कात्री, चिमटा आणि व्हर्नियर (बारीक मोजमापाचे साधन) पुरतो. पुस्तकातल्या चित्रासारखे पूर्ण चक्र निम्म्याहूनही कमी लोकांत आढळते, तेव्हा ‘हा जुना विषय’ म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. पेशी पाहायच्या तर पॅराफिन मेणाच्या ठोकळ्यातून पाच-सात मायक्रॉन जाडीचे काप काढून क्रेसिल व्हायोलेट या रंगाने रंगवतात. उन्हाळ्यात मेण मऊ पडते आणि काप चुरगळतात. तेव्हा ठोकळा बर्फावर ठेवून कापतात. नमुन्यांच्या संख्येचा बाऊही अनेकदा जास्तच होतो. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात हा २००९ मधला बहुचर्चित आकडा चारच मेंदूंवरून निघाला होता. मात्र ते नीट जपलेले होते.

विषय निवडताना पायाखालची जमीन विसरू नये, असे इथे म्हणावेसे वाटते. २०१७ च्या कापूस हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, वीसहून अधिक दगावले. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेज हे चेतासंदेश थांबवणारे विकर (एन्झाइम) बंद पाडतात. स्नायू आधी फडफडतात, मग लुळे पडतात, आणि काही रुग्णांत आठवड्यांनंतर पायांच्या नसा झिजतात. पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत प्रश्न लाखोळी या डाळीचा. धान निघाल्यावर बांधीतल्या (भातखाचरातल्या) ओलीवर हे पीक येते. टंचाईच्या काळात महिनोन्‌महिने मुख्यतः याच डाळीवर दिवस काढले, तर तिच्यातल्या बीटा-ओडॅप या द्रव्याने पाय ताठरून माणूस कात्रीसारखी चाल चालू लागतो. मेंदूच्या वरच्या थरातून कमरेच्या मज्जारज्जूपर्यंत जाणारे लांबच लांब तंतू यात झिजतात. डाळ भिजवून पाणी फेकल्याने विष बरेच कमी होते, तरी झालेली इजा सहसा भरून येत नाही. या आजाराने माणूस मरत नाही, पुढे कित्येक वर्षे काठीवर चालतो आणि घरीच जातो. त्याचा मज्जारज्जू डिसेक्शनच्या टेबलावर क्वचितच येतो.