तेरांची अट, नऊंची मंजुरी

अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध म्हटलं की बोस्टनच्या बंदरात बुडवलेला चहा, ४ जुलै १७७६ चा जाहीरनामा आणि १७८१ मधली यॉर्कटाउनची शरणागती आठवते. ते बहुतेकांनी शाळेत वाचलेलं असतं, म्हणून इथे उगाळत नाही. (यॉर्कटाउनला हरलेला इंग्रज सेनापती पाच वर्षांतच कलकत्त्याला गव्हर्नर जनरल होऊन आला आणि पुढे टिपूविरुद्ध मराठ्यांच्या साथीने लढला, हे मात्र आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही.) १७८३ च्या पॅरिस तहाने वसाहती स्वतंत्र झाल्या. पण आज ज्या राज्यघटनेवर तो देश चालतो, ती मंजूर कशी झाली, हा प्रश्न युद्धापेक्षा जास्त वादाचा आहे.

युद्ध चालू असतानाच या तेरा वसाहतींनी, म्हणजे आता राज्यांनी, आपापसात एक करार केला होता. मसुदा नोव्हेंबर १७७७ चा, पण तो लागू व्हायला १ मार्च १७८१ उजाडलं. कारण मेरीलँड अडून बसलं होतं: मोठ्या राज्यांनी पश्चिमेकडच्या जमिनींवरचे दावे सोडल्याशिवाय सही नाही. या करारात प्रत्येक राज्याला एक मत होतं. मध्यवर्ती सभेला कर बसवता येत नव्हता, राज्यांकडे पैसे मागावे लागत आणि राज्यं ते देतीलच असं नव्हतं. शिवाय करार कायमचा असेल आणि त्यात बदल करायचा तर तेराही विधिमंडळांची संमती लागेल, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं.

ही अट लवकरच नडली. युद्धाचं कर्ज फेडण्यासाठी आयात मालावर पाच टक्के जकात बसवण्याचा प्रस्ताव आला, तो १७८२ मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडने अडवला. पुढच्या वर्षी सुधारून आणलेला प्रस्ताव न्यूयॉर्कमुळे १७८६ मध्ये बारगळला, कारण बंदराची जकात त्या राज्याच्या स्वतःच्या तिजोरीत जात होती. दरम्यान जून १७८३ मध्ये थकलेल्या पगारासाठी सैनिकांनी फिलाडेल्फियात सभागृहाला वेढा दिला आणि प्रतिनिधींना गाव सोडून प्रिन्स्टनला जावं लागलं.

मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागात वेगळंच पेटलं होतं. कर रोख नाण्यात भरायचा होता आणि शेतकऱ्यांकडे नाणं नव्हतं. जप्त्या सुरू झाल्या, तेव्हा त्यांनी कोर्टं बंद पाडली. जानेवारी १७८७ मध्ये ते स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेले. त्यांत बरेच जण स्वातंत्र्ययुद्धात लढलेले होते. त्यांना मोडायला उभ्या केलेल्या फौजेचा खर्च मुख्यतः बोस्टनच्या सावकार-व्यापाऱ्यांनी उचलला. पुढे जे घडलं त्यामागे या धसक्याचा वाटा मोठा होता. मजबूत केंद्राची गरज एकदम पटलेल्यांत धनको बरेच होते, हेही विसरू नये.

२१ फेब्रुवारी १७८७ च्या ठरावाने फिलाडेल्फियाच्या बैठकीला एकच काम दिलं होतं: जुन्या करारात दुरुस्त्या सुचवणं. मे महिन्यात बैठक सुरू झाली, दारं-खिडक्या बंद करून, बाहेर अवाक्षर न काढण्याच्या अटीवर. एकूण ५५ जण हजेरी लावून गेले. ऱ्होड आयलंडने कुणालाच पाठवलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात स्वतंत्र विधिमंडळ, कार्यकारी सत्ता आणि न्यायव्यवस्था असलेलं राष्ट्रीय सरकार हवं असं ठरलं, म्हणजे दुरुस्तीचा विषय तिथेच मागे पडला. न्यूयॉर्कच्या तिघांपैकी दोघे जुलैत निघून गेले. आम्हाला यासाठी पाठवलेलं नाही, हा त्यांचा मुद्दा होता आणि तो बिनतोड होता. १७ सप्टेंबरला ३९ जणांनी सह्या केल्या. शेवटपर्यंत थांबलेल्या तिघांनी नकार दिला.

खरी मेख सातव्या कलमात होती. नऊ राज्यांनी मान्यता दिली की त्या नऊंपुरती घटना लागू. तेरांची अट गेली, विधिमंडळंही वगळली. निर्णय प्रत्येक राज्यात खास निवडलेल्या परिषदेने करायचा. समर्थकांचं म्हणणं असं की एका लहानशा राज्याच्या हट्टापायी बारांचं नशीब टांगून ठेवता येत नाही, आणि राज्यांनीच करार वारंवार मोडल्यामुळे तो आता कुणाला बांधत नाही. दुसरा युक्तिवाद मला सोयीचा वाटतो. पण परिषदांची कल्पना नुसती पळवाट नव्हती. न्यूयॉर्कने या निवडणुकीपुरती मालमत्तेची अट काढून सगळ्या स्वतंत्र प्रौढ पुरुषांना मत दिलं. जुन्या कराराला असा कौल कधीच मिळाला नव्हता. गुलामांना अर्थातच विचारलं गेलं नाही. केंद्रीय विधिमंडळात कोणत्या राज्याला किती जागा हे ठरवताना मात्र दर पाच गुलामांमागे तीन माणसं अशी त्यांची मोजणी झाली.

घाईही दांडगी होती. पेनसिल्व्हेनियात गणसंख्या मोडण्यासाठी विरोधक सभागृहात आलेच नाहीत, तेव्हा जमावाने त्यांच्यातल्या दोघांना राहत्या जागेवरून ओढत आणून बसवलं आणि परिषद बोलावण्याचा ठराव उरकला. मॅसॅच्युसेट्समध्ये १८७ विरुद्ध १६८ असं निभावलं, तेही दुरुस्त्यांची शिफारस जोडल्यावर. २१ जून १७८८ ला न्यू हॅम्पशायर नववं ठरलं. पण व्हर्जिनिया आणि न्यूयॉर्कशिवाय त्या नऊला काही अर्थ नव्हता. व्हर्जिनियाने ८९ विरुद्ध ७९ मतांनी होकार दिला. न्यूयॉर्कमध्ये फरक फक्त तीन मतांचा. शिफारस केलेल्या दुरुस्त्यांतूनच १७९१ मध्ये नागरिकांच्या हक्कांची दहा कलमं आली.

ऱ्होड आयलंडने परिषद न बोलावता मार्च १७८८ मध्ये थेट मतदारांना विचारलं आणि त्यांनी प्रचंड बहुमताने नाही म्हटलं. नवं सरकार सुरू झाल्यावर वर्षभराहून जास्त काळ हे राज्य बाहेरच राहिलं. शेवटी मे १७९० मध्ये सिनेटने, म्हणजे नव्या केंद्राच्या वरिष्ठ सभागृहाने, त्याच्याशी व्यापार तोडण्याचं विधेयक मंजूर केलं, तिकडे प्रॉव्हिडन्स शहर राज्यातून फुटण्याची भाषा बोलू लागलं, आणि २९ मे रोजी ३४ विरुद्ध ३२ मतांनी घटना स्वीकारली गेली. याला स्वेच्छा म्हणणं जड जातं.

घटना राज्यांनी केली की जनतेने, हे तेव्हा मोघमच राहिलं. १८६१ मध्ये दक्षिणेची राज्यं ज्या आधारावर फुटली तो हाच होता: ज्यांनी मान्यता दिली, ते ती परतही घेऊ शकतात. त्यातून पेटलेल्या यादवी युद्धानंतर १८६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संघ अभंग असल्याचा निकाल दिला. त्यात जुन्या करारातल्या 'कायमचा' या शब्दाचा आधार घेतला होता, ज्या कराराची अट १७८७ मध्ये बाजूला सारली होती त्याच कराराचा.

घटनेच्या पाचव्या कलमानुसार दोन-तृतीयांश, म्हणजे आज ३४ राज्यांनी अर्ज केले तर दुरुस्तीसाठी पुन्हा परिषद बोलावता येते. अशी परिषद एकदाही भरलेली नाही. केंद्राचा अर्थसंकल्प संतुलित ठेवण्याच्या मागणीसाठी अनेक राज्यांनी अर्ज केले आणि त्यांतल्या काहींनी नंतर ते मागेही घेतले. दुरुस्तीला बसवलेली परिषद सगळी घटनाच बदलून मोकळी होईल, या भीतीला तिथे दाखला शोधावा लागत नाही.