शालेय मंत्रिमंडळ

शाळेतील विद्यार्थ्यांनी दरवर्षी आपल्यातून निवडून दिलेले प्रतिनिधी मंडळ. महाराष्ट्रातील जिल्हा परिषदेच्या शाळांत ही प्रथा चांगली रुजली आहे. काही ठिकाणी तिला बाल संसद म्हणतात. मुख्यमंत्र्याच्या जोडीला शिक्षण, आरोग्य, स्वच्छता, क्रीडा, सहल, शालेय पोषण आहार अशी खाती असतात. खात्यांची नावे मोठी असली तरी कामे रोजची आणि खरी आहेत. पोषण आहार मंत्री खिचडीच्या वेळी रांग लावतो, पहिली-दुसरीच्या मुलांनी हात धुतले का ते पाहतो.

निवडणूक बहुधा शाळा सुरू झाल्यावर पहिल्या एक-दोन महिन्यांत होते. अर्ज, छाननी, माघार, चिन्हवाटप, प्रचार असा सारा कार्यक्रम फळ्यावर लागतो. शिक्षकांनी विधानसभा-लोकसभेला मतदान केंद्रांवर काम केलेले असल्याने मांडणी हुबेहूब उतरते: एक विद्यार्थी यादीत नाव शोधतो, दुसरा बोटाला शाई लावतो, तिसरा मतपत्रिका देतो. खोक्याला चीर पाडली की मतपेटी तयार. पहिलीतल्या मुलाला उमेदवाराचे नाव वाचता येत नाही, पण छत्री, चेंडू, पेन्सिल ओळखता येते. चिन्हांचे मोल इथे कळते. अलीकडे अनेक शाळा मोबाइलवरील मतदान ॲप वापरतात.

सगळीकडे मतदान होतेच असे नाही. वर्गाचा मॉनिटर बहुतेक वेळा वर्गशिक्षकच नेमतात, आणि पहिल्या नंबरचा विद्यार्थी हा ठरलेला पर्याय असतो. बाई वर्गाबाहेर गेल्या की बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिणे हे त्याचे मुख्य काम. अशाने तो वर्गाचा प्रतिनिधी न राहता शिक्षकांचा पहारेकरी होतो. अनेक इंग्रजी माध्यमाच्या शाळांत हेड बॉय, हेड गर्ल आणि हाउस कॅप्टन मुलाखत घेऊन किंवा शिक्षकांच्या मतानुसार ठरतात. काही वर्गांत हात वर करून निवड होते. ती झटपट उरकते, पण मुले आधी मित्राकडे आणि मग बाईंकडे बघून हात वर करतात. गुप्त मतदानात अबोल मुलाचे मतही पुरते मोजले जाते, म्हणून तीच पद्धत चांगली. मुख्यमंत्री मुलगा आणि सांस्कृतिक मंत्री मुलगी ही वाटणी मात्र मतपेटीने आपोआप मोडत नाही. त्यासाठी अर्ज भरतानाच मुलींना पुढे आणावे लागते.

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचे १२ वे कलम मुलांशी संबंधित बाबींत त्यांचे मत विचारात घ्यायला सांगते. भारताने ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. महाराष्ट्रात या समितीवर विद्यार्थीही घेतले जातात. ते मंत्रिमंडळातून आले, तर मासिक सभेच्या वहीत मुलांनी लिहिलेली गळक्या तोटीची किंवा मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नसल्याची तक्रार थेट समितीपुढे पोहोचते.