अमेरिकेतील दीर्घकालीन फॉस्टर केअर आणि आईवडिलांचे हक्क

मूल फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे राज्याच्या देखरेखीखाली घराबाहेरच्या तात्पुरत्या संगोपनात, गेले म्हणून आईवडिलांचे पालकत्व संपत नाही. ते कायमचे संपवण्याचा अधिकार फक्त न्यायालयाला असतो, आणि त्यासाठी स्वतंत्र सुनावणी लागते. १९९७ च्या संघीय कायद्यानुसार गेल्या २२ महिन्यांपैकी १५ महिने मूल फॉस्टर केअरमध्ये असेल, तर राज्याने पालकत्व समाप्तीचा अर्ज करायचा असतो. ही मोजणी मूल नेल्याच्या दिवसापासून होईलच असे नाही. छळ किंवा हेळसांड झाल्याचा न्यायालयाचा पहिला निष्कर्ष किंवा मूल नेल्यानंतरचा ६० वा दिवस, यांपैकी जे आधी येईल ते धरतात. चाचणी म्हणून घरी पाठवलेला काळ वगळला जातो.

मूल नातेवाइकाकडे असेल, अर्ज मुलाच्या हिताचा नसल्याचे सबळ कारण नोंदवलेले असेल किंवा कुटुंब पुन्हा एकत्र आणण्यासाठी ठरलेल्या सेवा राज्याच्या यंत्रणेने वेळेत दिल्या नसतील, तर राज्याला अर्ज टाळता येतो. पालकांचे सर्वाधिक नुकसान होते ते या तिसऱ्या मुद्द्यावर. व्यसनमुक्ती केंद्राच्या प्रतीक्षायादीत चार महिने गेले, तरी मुदतीचे घड्याळ थांबत नाही. म्हणून दर सहा महिन्यांच्या आढाव्यात आणि बारा महिन्यांच्या आतल्या सुनावणीत ही दिरंगाई तारखांसह नोंदवून घ्यावी. मुलाशी ठरलेल्या भेटी रद्द झाल्या असतील तर त्या कोणी रद्द केल्या, हेही लिहून ठेवावे. नाहीतर अंतिम सुनावणीत त्या पालकांच्या अनास्थेचा पुरावा म्हणून पुढे येतात.

पुराव्याचा दर्जा सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये सँटोस्की विरुद्ध क्रेमर खटल्यात ठरवला: पालकत्व काढून घ्यायचे तर पुरावा स्पष्ट आणि खात्री पटवणारा हवा, पारडे जरासे झुकणे पुरेसे नाही. मूळनिवासी मुलांसाठी १९७८ चा कायदा आणखी कडक आहे. तिथे तज्ज्ञ साक्षीसह वाजवी शंकेपलीकडचा पुरावा लागतो. वकिलाच्या बाबतीत मात्र संरक्षण तोकडे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८१ च्या लॅसिटर निकालानुसार प्रत्येक गरीब पालकाला सरकारी खर्चाने वकील देण्याचे बंधन संविधान घालत नाही. बहुतेक राज्यांनी आपापल्या कायद्याने ती सोय केली आहे.

पालकाला सुनावणीची नोटीस देण्यातली चूक सर्वांत महागात पडते. वडिलांचा पत्ता नीट न शोधताच नोटिशीऐवजी वर्तमानपत्रात जाहिरात दिली, तर पुढे तो निकाल आणि त्यावर उभे राहिलेले दत्तकविधानही धोक्यात येऊ शकते. तुरुंगातल्या पालकाला न्यायालयात आणण्याचा किंवा दूरस्थ हजेरीचा आदेश वकिलाने आधीच मागावा लागतो. निकाल विरोधात गेल्यास अपिलाची मुदत राज्यागणिक वेगळी आणि बहुधा तोकडी असते. कामकाजाच्या नोंदींचा खर्च परवडत नाही एवढ्यावरून गरीब पालकाचे अपील अडवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केले.